दोरीची ओल

बोअरची गाडी गावात शिरली की आमच्या घरातलं बोलणं थांबायचं. आधी डिझेलचा वास यायचा, मग जमीन थरथरायची, मग तो एकसुरी घरघराट सुरू व्हायचा, आणि शेवटी कुणाच्या तरी शेतातून उडालेला पांढरा धुरळा आमच्या पत्र्यावर येऊन बसायचा. आई भाकरीवर ताट झाकायची. आबा, म्हणजे माझे वडील, हातातलं काम थांबवून कान द्यायचे. आबा विहिरी खोदायचे. त्यांची सात-आठ जणांची टोळी होती आणि यारी होती, म्हणजे विहिरीतला दगड वर ओढायचं लोखंडी यंत्र. एक विहीर पुरी व्हायला त्यांना दोन उन्हाळे लागायचे. गाडीला एक दिवस पुरायचा. मला कळायला लागलं तोवर टोळी मोडली होती, यारी भंगारात गेली होती, आणि वर्षाकाठी दोन-चार विहिरींचा गाळ काढायचं काम तेवढं आबांकडं उरलं होतं. बाकीचे दिवस ते उमरग्याला ट्रक भरायला जायचे. ते त्यांना जमायचं नाही. जन्मभर खाली उतरलेल्या माणसाला पाठीवर पोतं घेऊन फळीवर चढता येत नाही, असं ते स्वतःच म्हणायचे, आणि म्हणून झाल्यावर हसायचे, पण त्यांच्याबरोबर आम्ही कुणी हसायचो नाही.

आमचं घर वस्तीच्या टोकाला. समोरची भिंत निळ्या रंगानं रंगवलेली, आत दोन खोल्या. आईच्या हातात दोनच चवी होत्या असं मी कॉलेजात गेल्यावर थट्टेनं म्हणायची: हुलग्याचं माडगं आणि अंबाडीची भाजी. माडगं पातळ असलं की त्या दिवशी आबांना काम नव्हतं असं समजायचं. येळवस अमावस्येला, शेताच्या पूजेला, मात्र शेतावरच्या लोकांकडून आंबिलाचं गाडगं यायचं, शेंगा-भाज्यांची भज्जी यायची, आणि आई ती आम्हाला वाढताना उगाचच रागावलेली असायची. दुसऱ्याच्या शेतातलं खाताना तिला राग यायचा. तो राग माझ्यात उतरला आहे. मी आमच्या घरातली, आमच्या गल्लीतली पहिली पदवीधर. हे मी मुद्दाम लिहिते. कुणाला मिरवल्यासारखं वाटलं तर वाटू दे.

दाराजवळच्या खुंटीवर आबांची दोरी असायची. अंबाडीच्या वाखाची, हाता-हातावर गाठ मारलेली, टोकाला सुपारीच्या आकाराची भोकं पडलेला एक काळा दगड. गावविहिरीवर, म्हणजे सगळं गाव पिण्याचं पाणी नेतं त्या विहिरीवर, आबा महिन्यातून एकदा ती दोरी सोडायचे. दगड बुडाला टेकला की ओढून घ्यायचे आणि घरी येऊन वेढे घालून खुंटीला टांगायचे, दगड खाली, तसाच लोंबता. वरची दोरी कोरडी, फिकट. खालची भिजून काळपट. ती जेवढी काळपट तेवढं विहिरीत पाणी. पाण्याला जाणाऱ्या बायका आमच्या दारावरून जायच्या. "लक्ष्मणभाऊ, किती वली?" असं चालता चालता विचारायच्या आणि उत्तराची वाट न बघता पुढं जायच्या, कारण दोरी त्यांना दिसलेली असायची. आबांना अक्षर येत नव्हतं. हे सगळं मी लहानपणापासून बघत होते आणि मला त्यात बघण्यासारखं काही आहे असं कधी वाटलं नाही.

उमरग्याच्या कॉलेजातून बी.एस्सी. झाल्यावर मला पाण्याचं काम करणाऱ्या एका संस्थेत नोकरी लागली. आमच्या भागातल्या विहिरी दर महिन्याला मोजायच्या, वहीत लिहायचं, कॉम्प्युटरवर चढवायचं. तिथं शेख सर होते. पन्नाशीचे, बारीक, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. आकड्यांचं चित्र कसं करायचं ते मी त्यांच्याकडून शिकले. त्याआधी मला वाटायचं की आकडे लिहिले की झालं. सर म्हणायचे, "बेटा, आकडा वाचायला वेळ लागतो, चित्र दिसायला लागत न्हाय. म्हणून चित्र चुकलं तर लोक आकड्यापेक्षा जास्त चुकतात." मी मान हलवायची आणि माझं लक्ष कॉम्प्युटरच्या रंगांच्या पेटीकडं असायचं.

मला नाद लागला होता. एका बटनानं खांब उभे राहायचे, दुसऱ्यानं त्यांना जाडी यायची, तिसऱ्यानं सावली. माझ्या गावच्या ग्रामसभेसाठी तक्ता करायचं काम सरांनी मला दिलं तेव्हा मी चार दिवस दुसरं काही केलं नाही. प्रश्न साधा होता. गावविहिरीचं पाणी वर्षावर्षाला खाली जात होतं. पंचायतीत ठराव यायचा होता, की शिमगा झाला की गावविहिरीच्या आजूबाजूच्या विहिरींवरच्या मोटारी पाऊस पडेपर्यंत बंद ठेवायच्या, म्हणजे प्यायला तरी पाणी राहील. लोकांना पटावं म्हणून तक्ता. आम्ही विहीर मोजायचो ती कठड्यापासून पाण्यापर्यंत, म्हणजे पाणी किती खोल आहे ते. पाणी जेवढं खाली, तेवढा आकडा मोठा. मी दर वर्षाला एक खांब काढला. पाणी खाली जात होतं, म्हणून आकडा वाढत होता, म्हणून खांब उंच होत होते. मी त्यांना निळा रंग दिला, जाडी दिली, सावली दिली, मागं ढगांचं चित्र टाकलं. फ्लेक्सवाल्यानं आपल्या मनानं चारी बाजूंनी फुलांची वेलबुट्टी जोडली आणि मला तीही आवडली. खाली उजव्या कोपऱ्यात माझं नाव, पुढं बी.एस्सी.

सरांनी तक्ता बघून एवढंच म्हटलं, "सजावट लई झाली." मला वाटलं, यांना जमत नाही म्हणून बोलतात. आकडे त्यांनी तपासले, बरोबर होते, आणि तक्ता मंजूर झाला. ऑफिसातल्या सगळ्यांना तो एका नजरेत कळला. आम्ही सगळे रोज खोली मोजणारे. बाहेरच्या एकाही माणसाला तो दाखवावा असं कुणाच्या मनात आलं नाही.

सव्वीस जानेवारीला झेंडा झाला, पोरांना जिलेबी वाटली, आणि शाळेच्या पटांगणातच सभा बसली. माझा फ्लेक्स दोन बांबूंना ताणून बांधला होता. वाऱ्यानं फुगत होता. मी बाजूला उभी होते, इस्त्रीचा ड्रेस घालून. आई बायकांत शेवटी बसली होती, आबा वस्तीतल्या माणसांबरोबर भिंतीला टेकून. सरपंचांनी ठराव वाचला, आणि मी तक्ता समजावून सांगायला पुढं व्हायच्या आत बळीतात्या उठले. गावविहिरीला लागून त्यांचं रान, त्यांची विहीर, तिच्यावर मोटार. त्या पाण्यावर उन्हाळी भुईमूग धरायचा त्यांचा विचार होता. माणूस वाईट नव्हता, हे आज म्हणते. तेव्हा म्हणाले नसते.

"ह्ये बघा, लक्ष्मणाच्या पोरीनं काय झ्याक काढलंय," ते फ्लेक्सपाशी जाऊन म्हणाले. "पहिल्या साली पाणी एवढुसं. मग एवढं. अन् यंदा?" त्यांनी हात डोक्याच्या वर नेला, तरी शेवटच्या खांबाला पुरला नाही. "पाणी चढलंय की. मग मोटारी बंद कशापायी?"

पटांगणात कुजबुज झाली. मी लोकांकडं बघितलं आणि मग त्यांच्या नजरेनं माझ्या तक्त्याकडं बघितलं. निळे, भरलेले, दरवर्षी उंच होत गेलेले खांब, मागं ढग.

आबा भिंतीजवळून उठले. सभेत ते कधी बोलत नसत. "तात्या, पाणी चढल्यालं न्हाय. परवा म्या दोरी सोडली. तीन हात वली. गेल्या साली पाच व्हती."

"लक्ष्मणा," बळीतात्या म्हणाले, "तुझी पोरगी चढलंय म्हनती अन् तू उतरलंय म्हनतोस. आधी घरात तरी एक व्हा."

लोक हसले. मी पुढं झाले. "तात्या, हा खांब पाण्याचा नाही, खोलीचा आहे. उंच म्हणजे खोल."

"उंच म्हंजे खोल? मग आमची पाण्याची टाकी काय जमिनीत पुरलीया व्हय?" मागून कुणीतरी म्हणालं, आणि हसण्याची दुसरी लाट आली. बळीतात्या हसले नाहीत. त्यांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. "लांबण लावू नगंस, बाई. तुझा तक्ता बरोबर हाय का चुकल्याला, तेवढंच सांग."

मी फ्लेक्सकडं बघितलं. कोपऱ्यात माझं नाव होतं. चार दिवस मी त्या खांबांना सावल्या घातल्या होत्या. आकडे खरोखर बरोबर होते. एका बाजूला ते, आणि एका बाजूला भिंतीशी उभे असलेले, तीन हात म्हणताना तीन बोटं दाखवणारे आबा. "चुकलाय" म्हणाले असते तर सभा माझ्या पदवीवर हसली असती.

"तक्ता बरोबर आहे," मी म्हणाले.

"झालं तर," बळीतात्या म्हणाले, आणि बसले. ठराव बारगळला.

आबा माझ्याआधी घरी पोचले होते. आईनं माडगं वाढलं. जेवताना आबा म्हणाले, "आकडं बरोबर असत्याल. म्या कुठं न्हाय म्हनलं." त्यांनी हे रागानं म्हटलं असतं तर मला रडता आलं असतं. आई मात्र म्हणाली, "शिकली म्हनून बापाच्या तोंडावर बोलती. न्हाय शिकली असती तर निदान गप तरी बसली असती." पुढं कितीतरी सभांत, कितीतरी मोठ्या साहेबांसमोर मी तक्ते मांडले, पण सुरुवात करायच्या आधी माझी नजर आपोआप मागच्या भिंतीकडं जाते, अजून जाते.

त्या उन्हाळ्यात बळीतात्यांचा भुईमूग हिरवागार होता. गुढीपाडव्याच्या आसपास गावविहिरीत बादली आपटायला लागली. मग बायका पोहरा सोडून चिखलाचं पाणी काढायला लागल्या, फडक्यातून गाळायला लागल्या. पंचायतीनं आबांना बोलावलं, गाळ काढून झरे मोकळे होतात का बघा म्हणून. आबांचं वय तेव्हा उतरायचं राहिलं नव्हतं. सकाळी मी कठड्यावर उभी होते. आधी त्यांनी खाली दोरी सोडली, मग स्वतः उतरले. दुपारपर्यंत टोपल्या वर येत होत्या, काळा गाळ, फुटके माठ, कुणाची तरी पितळी वाटी. नंतर गाळही कोरडा यायला लागला. आबा वर आले तेव्हा त्यांच्या भुवयांवर माती वाळली होती. बळीतात्या तिथंच उभे होते. त्यांनी विचारलं, "लागलं काय?" आबा म्हणाले, "तळ लागला." एवढंच. त्यानंतर ते कधी विहिरीत उतरले नाहीत.

घरी येऊन त्यांनी सवयीनं दोरी खुंटीला टांगली. वरपासून खालपर्यंत फिकट. दगडाला नुसती वाळलेली माती. बायका रिकामी भांडी घेऊन दारावरून टँकरच्या वाटेला चालल्या होत्या. जी ती दोरीकडं बघायची आणि मान फिरवायची. आई उंबऱ्यात बसली होती. सगळ्या गेल्यावर म्हणाली, "आज कुनी इचारलं बी न्हाय." मग माझ्याकडं न बघता, "इचारायचं काय? दिसतंयच की."

सभेपासून लपवलेलं सगळं मी त्या सोमवारी सरांना सांगितलं. त्यांनी माझा तक्ता कॉम्प्युटरवर उघडला. "यावर सही माझीपण आहे," ते म्हणाले. मग त्यांनी एकेक गोष्ट काढायला सांगितली. ढग काढ. सावली काढ. जाडी काढ. प्रत्येक वेळी विचारायचे, "हे काढलं तर काय कळायचं राहिलं?" काहीच राहत नव्हतं. शेवटी पांढऱ्यावर नुसते उंच होत जाणारे खांब उरले. "आता साफ झाला," सर म्हणाले, "आणि अजून खोटाच बोलतोय. पाणी खाली जातं आणि तुझं चित्र वर. नजर आकडा विचारत न्हाय, बेटा. नजर वर-खाली बघते."

मी त्यांना दोरीचं सांगितलं. ते खुर्चीवरून उठले. म्हणाले, "तुझ्या घरात टांगलेलं होतं आणि तू इथं काय शिकायला आली होतीस?" हे त्यांनी थट्टेनं म्हटलं नाही.

नवा तक्ता मी कार्डशीटवर हातानं काढला. वरती एक जाड आडवी रेघ, तिच्यावर कठडा, कठड्यावर एक घागर, म्हणजे ही जमीन आहे हे कुणाला सांगावं लागू नये. त्या रेघेपासून खाली लोंबणाऱ्या दोऱ्या, दर वर्षाची एक. खालचा भाग ओला. संस्थेच्या वहीत थोड्याच वर्षांचे आकडे होते. त्याआधीची वर्षं मी आबांकडून घेतली. त्यांना साल सांगता येत नव्हतं, पण ओल सांगता येत होती. "तू पाळन्यात व्हतीस तवा अकरा हात. तुझ्या आत्याचं लगीन झालं तवा धा. मग ती गाडी पहिल्यांदा आली बग, त्या साली आठ." ते बोलत होते आणि मी पट्टीनं मोजून काढत होते. माझ्या आयुष्याएवढा तो तक्ता लांब झाला, आणि डावीकडून उजवीकडं ओल बुडाकडं बसत गेली. आबांनी त्यावरून बोट फिरवलं. शेवटच्या दोरीवर थांबून म्हणाले, "ह्यो आमचा धंदा बी असाच गेला."

ओलीला मी निळा रंग दिला होता. पाण्याला दुसरा कोणता देणार? पंचायतीत एका सदस्यानं बघितलं आणि म्हणाला, "समदं बेस हाय. पन निळाच कशाला? दुकानात दुसरा रंग न्हवता व्हय?" तो कशाबद्दल बोलतोय ते मला कळलं, त्यालाही कळलं की मला कळलंय. आमच्या भिंतीचा, आमच्या पताकांचा तो रंग. मी म्हणाले, "काका, आभाळ कोणी रंगवलं ते त्यालाच विचारा." घरी येऊन मात्र मी तो रंग बदलला. भिजलेल्या वाखाचा काळपट तपकिरी घेतला. दोरी दोरीसारखी दिसावी म्हणून बदलला, असं मी सगळ्यांना सांगितलं, आणि पुढं शिकवतानाही तसंच सांगत आले. ते खरंही आहे, त्या रंगानं तक्ता लवकर कळतो. पण पूर्ण खरं काय होतं ते मला आजही ठरवता येत नाही.

या वेळी मी तक्ता ऑफिसात नाही, टँकरच्या रांगेत दाखवला. गोदाकाकू म्हणून एक म्हाताऱ्या होत्या, डोळ्यांत पाणी यायचं, पदरानं पुसत राहायच्या. मी काहीच न सांगता कार्डशीट समोर धरली. त्यांनी हातातली घागर खाली ठेवली. "आमची हीर," त्या म्हणाल्या. मग उजव्या टोकाला बोट लावून, "हितं तर बुडाला टेकलंय गं." मी तिथंच खाली बसले. तीन वर्षांच्या कॉलेजात माझ्या कुठल्याही पेपराला इतका सरळ गुण मिळाला नव्हता.

पंचायतीच्या भिंतीवर ऑइलपेंटनं मी स्वतः तो तक्ता काढला. पुढच्या सव्वीस जानेवारीला सभा त्या भिंतीसमोर बसली. मला एक शब्द बोलावा लागला नाही. पहिल्या दोरीपासून शेवटच्या दोरीपर्यंत लोकांच्या माना फिरल्या आणि कुणी हसलं नाही. बळीतात्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मोटारी बंद ठेवायचा ठराव एकमतानं झाला, हात वर झाले, त्यात त्यांचाही होता. आबा भिंतीला टेकून बसले होते, त्यांच्या डोक्यावर नेमकी शेवटची दोरी आली होती. मला वाटलं, फिटलं.

आठ दिवसांत गावात बोअरची गाडी आली. मग दुसरी. एका वेळी दोन गाड्या आमच्या गावानं त्याआधी बघितल्या नव्हत्या. ठरावात विहिरींवरच्या मोटारी लिहिल्या होत्या. बोअर लिहिले नव्हते. पहिली गाडी बळीतात्यांच्या रानात उभी राहिली. मी धावत गेले. ते बांधावर बसले होते, धुरळ्यानं पांढरे झालेले. लाजले नाहीत, लपवलं नाही. मोठ्यानं बोलावं लागत होतं.

"सुमन, खोटं न्हाय बोलत. तुझा तक्ता बघितला अन् डोळं उघडलं. पाणी संपतंय ह्ये कळलं. मग दुसऱ्यानं घ्यायच्या आधी आपुन घ्यावं का नको? तूच सांग."

तक्ता त्यांना अगदी बरोबर कळला होता. आधी त्यांना तो कळला नाही म्हणून गावविहीर आटली, आणि आता कळला म्हणून आटणार होती. मी घरी आले. आबा अंगणात कान देऊन बसले होते. पत्र्यावर धुरळा साचत होता. त्यांनी चिमटीत घेतला, चोळला. "कोरडाच हाय अजून," ते म्हणाले. "लई खाली जाया लागंल त्येंला." आईनं भाकरीवर ताट झाकलं.

आबा जाऊन आता बरीच वर्षं झाली. माझे केस निम्मे पांढरे झालेत. त्या दोरीवर आई पुढं धुणं वाळत घालायची. एका पावसात ती कुजून तुटली, दगड कुठं गेला ते कुणाला माहीत नाही. मी जिल्ह्याच्या गावी राहते, कचेऱ्यांसाठी तक्ते करते, नव्या मुलींना शिकवते. ढग काढा, सावली काढा, आणि रांगेतल्या म्हातारीला दाखवल्याशिवाय छापू नका, हे त्यांना सांगते. तक्ता कळल्यावर माणूस काय करील हे विचारतात तेव्हा सांगत नाही. दर सव्वीस जानेवारीला गावी जाते आणि भिंतीवर त्या वर्षाची दोरी काढते. अलीकडं तपकिरी रंगाचा डबा उघडायची वेळ फारशी येत नाही. गावाला टँकर येतो.

आमच्या गावात आज अक्षर न येणारं माणूससुद्धा ती भिंत न अडखळता वाचतं. तेवढं मी केलं.